कापसाच्या वाती आणि माझे चोवीस खोटे वॉट

जुलैमध्ये माझा एफटीपी २१४ आला आणि मी घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एफटीपी म्हणजे साधारण तासभर दम न तुटता जेवढी ताकद पायडलवर लावता येते तेवढे वॉट. वीस मिनिटं जीव काढून चालवायचं, जो आकडा येईल त्याचे ९५ टक्के धरायचे. फेब्रुवारीत माझा १९० होता. म्हणजे पाच महिन्यात चोवीस वॉट वाढले, ते पण मे महिन्याच्या उकाड्यात, मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत सायकल चालवून. मी माझ्या सायकलवाल्या मित्राला, मंद्याला, स्क्रीनशॉट पाठवला, त्याने नुसता अंगठा पाठवला. जळतोय, म्हटलं.

मग ऑगस्टमध्ये एका रविवारी पाऊस थांबलेला बघून आम्ही येऊरला गेलो. चेकनाका ओलांडून ठाण्यात शिरलं की येऊर काही लांब नाही, आणि चढ पण काही फार मोठा नाही, पण खोटं बोलत नाही तो चढ. दोनशेचौदावाला माणूस दुसऱ्याच वळणावर तोंडाने श्वास घ्यायला लागला आणि वर पोचलो तेव्हा टायमिंग बघितलं तर गेल्या डिसेंबरपेक्षा चाळीस सेकंद जास्त. मंद्या वर उभा राहून केळं खात होता. म्हणाला, "काय रे, वॉट घरी विसरलास का?"

तिथून हे सगळं सुरू झालं.

आधी माझ्या ट्रेनरबद्दल, म्हणजे घरात जागच्या जागी सायकल चालवायच्या मशीनबद्दल सांगतो. मागचं चाक काढून सायकल थेट ज्याच्यावर बसवतात तो डायरेक्ट ड्राइव्ह प्रकार, सेकंडहँड घेतलेला, वॉरंटी संपलेली. कंपनीचं नाव घेत नाही कारण पुढे कळेल की अर्धी चूक माझ्याच घरातली होती. गॅलरीला स्लायडिंग खिडक्या आहेत, पावसाळ्यात त्या बंद. वर कपड्यांची दोरी, खाली मी. समोर भिंतीवरचा पंखा माझ्या तोंडावर. ट्रेनर मागे कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर.

लक्षणं काय होती ते आता मागे वळून बघताना एकदम स्पष्ट दिसतात, तेव्हा दिसली नाहीत कारण आकडा माझ्या बाजूने होता. पहिली वीस मिनिटं सगळं नॉर्मल, २०० वॉट म्हणजे २०० वॉटसारखे जड वाटायचे. मग हळूहळू हलकं व्हायचं. मुंबईच्या दमटपणात बंद गॅलरीत चाळीस मिनिटं चालवल्यावर हार्ट रेट वर चढायला पाहिजे, शरीर तापतं, रक्त कातडीकडे पळतं, त्याच ताकदीला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात, हे सगळ्यांना माहितीये. माझा हार्ट रेट काय करत होता? जागच्या जागी. कधी कधी दोनचार ठोके खाली. आणि मी शहाणा काय समजलो, तर आपण फिट झालो.

दुसरं लक्षण वास. इस्त्री जास्त तापवल्यावर कापडाला लागायच्या आधी जो येतो ना, तो वास. आई दोनदा आतून ओरडली, "गॅसवर काही ठेवलंयस का?"

तिसरं म्हणजे, एकदा झ्विफ्टवर, म्हणजे घरातल्या सायकलला स्क्रीनवर रस्ते दाखवणाऱ्या अ‍ॅपवर, आल्प द्यू झ्विफ्ट चढत होतो. बारा किलोमीटरचा आणि हजार मीटरच्या वर चढाईचा तो भयंकर घाट, एकवीस वळणांचा, फ्रान्समधल्या खऱ्या आल्प द्युएझवरून बनवलेला. बाराव्या वळणावर असताना अचानक सगळा जोर गेला आणि पाय भसकन रिकामे फिरले, जणू चेन तुटली. ट्रेनर स्वतःला वाचवायला ब्रेक सोडून देतो म्हणे जास्त तापल्यावर. मी मात्र ब्लूटूथला शिव्या घातल्या, राउटर बंद केला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. ब्लूटूथ बिचारं निर्दोष होतं.

कंपनीला मेल टाकला, उत्तर आलं की फर्मवेअर अपडेट करा आणि स्पिनडाऊन करा. स्पिनडाऊन म्हणजे वेग पस्तीस-छत्तीसच्या वर न्यायचा, पाय थांबवायचे आणि ट्रेनरमधलं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आपोआप थांबायला किती वेळ घेतंय ते ट्रेनर मोजतो. त्यावरून त्याला बेल्ट आणि बेअरिंगचं घर्षण किती ते कळतं. मी वीसेक वेळा केलं असेल. आधी थंड ट्रेनरवर करत होतो, जे चूक आहे, निदान दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम झाल्यावर करायचं असतं, मग तसं पण केलं. काही फरक नाही. आणि नंतर विचार केल्यावर डोक्यात आलं की फरक पडणारच नव्हता, कारण स्पिनडाऊन चालू असताना ब्रेक सुटलेला असतो, आणि माझा गोंधळ ब्रेकमध्येच होता.

हे ब्रेकचं प्रकरण मला फार आवडलं म्हणून जरा थांबतो इथे. आत काहीही कशावर घासत नाही. धातूची कडी फिरते, तिच्या अगदी जवळ तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या असलेले इलेक्ट्रोमॅग्नेट बसवलेले असतात. चुंबकासमोरून धातू पळाला की धातूच्या आत विजेचे छोटे छोटे भोवरे तयार होतात, त्यांना एडी करंट म्हणतात, आणि ते भोवरे चुंबकाला विरोध करतात, तो विरोध म्हणजे तुमच्या पायाला लागणारा जोर. फुको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये हे दाखवलं, तोच तो लंबकवाला. आता गंमत अशी की तुम्ही पायाने जे काही घालता ते सगळं त्या धातूत उष्णता होऊन बसतं. दोनशे वॉट म्हणजे जुने शंभराचे दोन पिवळे बल्ब एका बंद डब्यात तासभर लावून ठेवल्यासारखं. आणि धातू तापला की त्याचा विद्युत रोध वाढतो, अ‍ॅल्युमिनियम काय तांबं काय, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. म्हणजे साठ अंशांनी तापलं तर जवळजवळ पाव हिस्सा वाढला. रोध वाढला की भोवरे अशक्त, भोवरे अशक्त की ब्रेक ढिला.

बरं, ब्रेक ढिला झाला म्हणून आकडा का चुकावा? कारण माझा ट्रेनर वॉट मोजतच नाही. महागड्या मशीनमध्ये आणि पॉवर मीटर पायडलमध्ये स्ट्रेन गेज असतात, धातू किती वाकला ते खरंच मोजतात. माझ्यासारख्या मशीनमध्ये नुसता अंदाज. चाक या वेगाने फिरतंय, ब्रेकला एवढा करंट दिलाय, म्हणजे माणूस एवढे वॉट मारत असणार. त्यात तापमानाची दुरुस्ती करायला एक सेन्सर असतो. तो सेन्सर झोपला तर मशीनला वाटतं आपण गारेगार आहोत, आणि ते पहिल्या मिनिटाचाच हिशोब पन्नासाव्या मिनिटाला लावत बसतं. स्क्रीनवर २००, पायात १८०. ईआरजी मोडमध्ये तर अजून फसगत, कारण तिथे अ‍ॅपने सांगितलेला आकडा मशीन स्वतःच धरून ठेवतं आणि ग्राफ असा सरळ दाखवतं की फुटपट्टीने आखलाय.

पण हा सगळा शहाणपणा नंतरचा. तेव्हा फक्त शंका होती आणि शंकेला पुरावा पाहिजे होता, म्हणून मंद्याकडून त्याचे पॉवर मीटरवाले पायडल मागून आणले. "शनिवारी परत दे, आणि घामाचं पाणी पुसून दे," एवढ्या अटीवर मिळाले.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. पाच मिनिटं चालवलं, ट्रेनर थंड, ट्रेनर म्हणतो १८०, पायडल म्हणतात १९०. दहाचा फरक, तो पण उलट्या दिशेने! मी मंद्याला फोन केला तर तो विचारतो, "क्रँक किती आहे तुझा?" क्रँक म्हणजे ज्याच्या टोकाला पायडल असतं तो दांडा. माझा १७० मिलिमीटर, त्याचा १७५, आणि पायडलच्या सेटिंगमध्ये १७५ तसाच होता. पायडल जोर मोजतात आणि त्याला क्रँकच्या लांबीने गुणतात, त्यामुळे पाच मिलिमीटरने सरळ तीन टक्के जास्त दाखवत होते. सेटिंग बदललं, सायकलवरून उतरून झिरो ऑफसेट केला, म्हणजे पायडलवर वजन नसताना त्यांचा शून्य ठरवला, परत चालवलं. ट्रेनर १८०, पायडल १८५. हा पाचाचा फरक खरा आणि बरोबर आहे, कारण पायडलपासून ट्रेनरपर्यंत जाताना चेन आणि गिअर आपलं दोनतीन टक्के कमिशन खातात. म्हणून कोणी सांगितलं की माझे पायडल आणि ट्रेनर अगदी सेम आकडा दाखवतात तर त्यातलं एक काहीतरी चुकतंय असं समजा.

मग तसाच चालवत राहिलो, ईआरजीत २०० वर. दहाव्या मिनिटाला पायडल २०४. विसाव्याला १९८. तिसाव्याला १८८. चाळिसाव्याला १८१ आणि तिथे थांबलं. खरं तर २०५ दिसायला पाहिजे होते. २०५ वजा १८१, चोवीस. माझे जुलैचे चोवीस. बरोब्बर. मी टॉवेल तोंडावर घेऊन दोन मिनिटं तसाच बसून राहिलो.

आता किती तापतंय ते बघायचं होतं. घरात कोविडच्या वेळची कपाळावर धरायची थर्मामीटर बंदूक पडलेली, ती धरली तर नुसतं "हाय" दाखवते, कारण ती माणसांसाठी बनवलेली, ४३च्या पुढे तिचा विषय संपला. मग वर्कशॉपवाली इन्फ्रारेड बंदूक ऑफिसमधल्या एकाकडून मिळवली. इथे एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट, चकचकीत धातूवर ही बंदूक धरली की फार कमी तापमान दाखवते, चमकणारा धातू स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही आणि आजूबाजूचंच परावर्तन दाखवतो. माझं फ्लायव्हील ४७ दाखवत होतं आणि बोट लावलं तर बोंब मारली. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला आणि टेपवर बंदूक धरली. ८८. टेपचा गोंद पातळ होऊन बाजूने ओघळला होता.

रविवारी उघडलं. प्लग काढून अर्धा तास थांबलो, कव्हरचे सात स्क्रू, त्यातले दोन घामाच्या मिठाने गंजून बसलेले, पैकी एकाचं डोकं गेलंच. (घाम ट्रेनरवर पडू देऊ नका रे, मुंबईच्या हवेत तो वाळत पण नाही, आरामात बसून लोखंड खातो.) कव्हर उचललं तर आत ससा.

म्हणजे खराखुरा नाही, पण पहिल्यांदा बघितल्यावर तेच वाटलं. फ्लायव्हीलच्या मागे हवा आत यायच्या ज्या फटी असतात त्यांच्यावर आतून करड्या-पांढऱ्या लोकरीसारखा बोटभर जाडीचा थर, मऊ, गुबगुबीत, कडेला तपकिरी पडलेला. तो इस्त्रीचा वास इथून येत होता. मी चिमटीत धरून ओढला तर अख्खी घडी निघाली, टोपीसारखी, आणि तिच्यावर फटींचे ठसे उमटलेले, एक एक रेघ मोजता येईल असे. कपड्यांचा लिंट असेल म्हटलं, दोरी वरच आहे. पण लिंट एवढा पांढरा नसतो. आणि मग मी गॅलरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बघितलं, जिथे आईचा पाट असतो, बाजूला स्टीलचा डबा, आणि डब्यात कापूस.

आईने चातुर्मासासाठी लाख वातींचा संकल्प केलाय. लाख. एप्रिलपासून रोज दुपारी जेवण झालं की उजेडासाठी गॅलरीत बसते, कापूस पिंजते, सरकी काढते आणि वाती वळते. शंभर-शंभरच्या जुड्या बांधून डब्यात. कापूस पिंजताना जे बारीक तंतू उडतात ते खाली बसतात, संध्याकाळी मी सायकलवर बसलो की फ्लायव्हीलची पाती ते सगळं आत ओढतात, ती पाती त्यासाठीच आहेत, हवा ओढून ब्रेक थंड ठेवायला. मशीन बिचारं आपलं काम करत होतं. चार महिने त्याने देवाचा कापूस श्वासातून ओढला.

मी तो बोळा आईला नेऊन दाखवला. मला वाटलं ती ओशाळेल वगैरे. तिने हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "अरे, एवढ्यात पाचपन्नास वाती झाल्या असत्या माझ्या." मग म्हणाली, "तुझ्या घामाचा वास येतोय याला. देवाला नाही चालायचा." आणि कचऱ्यात टाकला.

पण कापूस हा अर्धाच गुन्हेगार. तापत का होतं ते कळलं, चुकत का होतं ते राहिलंच. कॉम्प्युटर साफ करायच्या ब्लोअरने आतली धूळ उडवली (ब्लोअरची हवा फ्लायव्हीलवर सरळ मारू नका, भन्नाट वेगाने फिरायला लागतं, हाताने धरून ठेवा) आणि टॉर्च घेऊन ब्रेकच्या आजूबाजूला बघायला लागलो. इलेक्ट्रोमॅग्नेटच्या चौकटीला एक थर्मिस्टर, म्हणजे तोच तापमानाचा सेन्सर, चिकटवलेला असायला हवा होता. दोन बारीक वायरी आणि टोकाला मसुराच्या डाळीएवढा काळा मणी. चौकटीवर पांढऱ्या गोंदाचा कोरडा, तडकलेला ठिपका होता, आणि मणी त्याच्यापासून तीन बोटं लांब, वायरीवर लोंबकळत, छान हवा खात. सगळा ट्रेनर ८८ अंशावर आणि त्याचा तापमान सांगणारा माणूस बाहेर कट्ट्यावर बसलेला!

मणी खराब नव्हता ना ते बघायला मल्टिमीटर लावला, खोलीच्या तापमानाला साधारण दहा किलोओहम, चिमटीत धरला की आकडा हळूहळू खाली. म्हणजे जिवंत आहे. अ‍ॅडॉप्टरचे व्होल्ट पण तपासून घेतले, बरोबर होते. साधा फेविक्विक लावून चिकटवावा असा मोह झाला होता पण उष्णतेत तो तडकतो, आणि परत उघडायचा कंटाळा. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड.

मुलुंडहून दादर, दादरला पूल चढून वेस्टर्न, ग्रँट रोडला उतरून चालत. पावसात तिथे चालणं म्हणजे एका हाताने छत्री आणि दुसऱ्या हाताने खिसा. तिसऱ्या दुकानात उष्णता वाहून नेणारा सिलिकॉन गोंद मिळाला, एलईडी आणि हीटसिंक चिकटवायला वापरतात तो, छोटी ट्यूब. दुकानदाराने विचारलं कशाला पाहिजे, मी सांगितलं व्यायामाची सायकल आहे, खोटे आकडे दाखवते. तो म्हणाला, "साहेब, लोक जास्त दाखवायला पैसे देतात, तुम्ही कमी करायला आलात."

जुना गोंद खरवडला, जागा स्पिरिटने पुसली, थेंबभर गोंद, मणी दाबून वर टेप, चोवीस तास तसंच ठेवलं. वायरीला एक झिपटाय मारला, म्हणजे परत सुटला तरी तिथेच राहील. गेलेल्या स्क्रूच्या जागी दुसरा बसवला. बेल्टवर कुठलाही स्प्रे मारला नाही, मंद्याने दम दिला होता, तेल लागलं की बेल्ट घसरतो आणि जोरात स्प्रिंट मारताना आकडा भलतीकडेच जातो.

आणि जागेचं पण बघितलं. ट्रेनर भिंतीपासून हातभर पुढे ओढला. माझ्या तोंडावरचा पंखा ट्रेनरपर्यंत पोचतच नव्हता, मध्ये मी, ऐंशी किलोची भिंत. म्हणून जुना टेबल फॅन मागे खाली ठेवला, थेट फ्लायव्हीलवर. पुढचा पंखा पण गरजेचाच आहे, माणसाच्या पायातून दोनशे वॉट निघतात तेव्हा शरीर सहा-सातशे वॉटची नुसती उष्णता काढत असतं, आणि ऑगस्टच्या दमट हवेत घाम वाळला नाही तर ती जाणार कुठे. पण त्याच्याबद्दल परत कधीतरी. अजून एक सवय बदलली, ईआरजीत मी छोट्या चेनरिंगवर (पायडलजवळच्या दातेरी चकतीवर) चालवायचो कारण आवाज कमी, खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार नको. पण त्यामुळे फ्लायव्हील हळू फिरतं, आतली पाती हवा कमी ढकलतात आणि तेवढाच ब्रेक लावायला इलेक्ट्रोमॅग्नेटला जास्त करंट घ्यावा लागतो. आता मोठ्या रिंगवर चालवतो आणि खाली रबराची जाड मॅट टाकलीये. काकू अजून तरी काही बोलल्या नाहीत.

परत टेस्ट. तेच २०० वॉट, पंधरा मिनिटं गरम करून स्पिनडाऊन, मग ईआरजी. चाळिसाव्या मिनिटाला पायडल २०४, टेपवर ५९ अंश. मुद्दाम मागचा टेबल फॅन बंद करून अजून वीस मिनिटं चालवलं, ७३ पर्यंत गेलं, पायडल २०२. म्हणजे तापला तरी आता त्याला कळतं तापलाय ते. एवढं चालेल. पायडल धुऊन पुसून शनिवारी परत केले, मंद्याने वास घेऊन बघितला.

चार दिवसांनी वीस मिनिटांची टेस्ट दिली. हार्ट रेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत चढत गेला, जसा चढायला पाहिजे तसा, शेवटच्या दोन मिनिटांत डोळ्यापुढे काजवे. एफटीपी १९१. फेब्रुवारीत १९०. अ‍ॅपमध्ये २१४ खोडून १९१ टाकताना बोट जरा अडखळलं, आणि वर ते अ‍ॅप विचारतं, खात्री आहे का.

आई आता हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून वाती वळते, तिथे तिला उजेड कमी पडतो म्हणून एक ट्यूब वाढवून द्यायचीये. एकसष्ट हजार झाल्यात. ट्रेनरवर तिचं जुनं लुगडं झाकून ठेवतो, काल ते काढायला विसरलो आणि तसाच वर चढून बसलो, दोन मिनिटांत परत तोच वास.